घराण्यातलं दुखणं

मित्रांनो, फौजेत पाठीवरच्या पिशवीला पिठ्ठू म्हणतात. तो मी. रंग मूळचा हिरवा, आता विचाराल तर शेवाळासारखा. एक पट्टा तुटलेला, दुसरा सुतळीनं बांधलेला. मला स्वस्थ बसून गोष्ट सांगता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पाठीवर माझं आयुष्य गेलं तो बन्सी दिवसभर मला भरतो आणि रिकामा करतो. गरम बनियन, मोजे, टॉर्च, बिस्किटांचा पुडा. जायचं कुठंच नसतं. बायको संध्या विचारते, "कुठं निघालात?" तर म्हणतो, "तयार असावं." मग मी तरी कसा स्वस्थ बसू?

कारखान्यात मला दुहेरी शिलाई घालणाऱ्या कारागिरानं माझे पट्टे ओढून पाहिले होते आणि म्हणाला होता, "पिशवी फाटायची नाही, माणूस फाटेल." मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला. पिशोरचा बन्सी भरती झाला आणि मी त्याच्या वाट्याला आलो. काय ऐट होती आमची! डोंगर चढताना तो गाणी म्हणायचा, थांबला की माझ्यावर डोकं टेकून घोरायचा.

मग एका हिवाळ्यात गस्तीवर असताना बर्फाचा कडा कोसळला. बन्सी वाचला, त्याचा जोडीदार खाली गाडला गेला. बन्सी नुसत्या हातांनी उकरत राहिला. नखं गेली. आतून येणारा आवाज थांबला, तरी हा थांबेना. त्या दिवसापासून त्याची पाठ थरथरू लागली. मला कळायचं, कारण मी पाठीवरच होतो. साधं ताट पडलं तरी तो जमिनीवर पालथा व्हायचा.

दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवायचं ठरवलं. तिथं एका साहेबानं हिंदीत विचारलं, घरात आणखी कुणी विचित्र वागतं का? आमचा बन्सी म्हणजे नाकासमोर चालणारा गडी. म्हणाला, "नहीं साब. बस, बुआ के बदन में देवी आती है."

साहेब दूरच्या मुलखातले. आपल्याकडं नवरात्रात बाईच्या अंगात येतं, ती घुमते, लोक तिची ओटी भरतात आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई कपाशी वेचायला जाते, हे त्यांना काय ठाऊक! त्यांनी लिहिलं: आजार घराण्यातला, नोकरीशी संबंध नाही.

झालं! अपंगत्वाची पेन्शन गेली. पहिलं अपीलही त्याच ओळीवर फेटाळलं गेलं. पण बन्सीला खरा डंख वेगळाच होता. "बाकी काय बी म्हणा," तो संध्याला सांगायचा, "पण हे दुखणं तिकडं बर्फात लागलंय. माझा जोडीदार तिथं गेला. ह्यांनी त्यालाच खोटं पाडलं की!"

दुसऱ्या अपिलाची तपासणी छत्रपती संभाजीनगरला, छावणीत लागली. संध्यानं पदर खोचला आणि थेट आत्याचं घर गाठलं. साळूबाई आत्या म्हणजे पिशोरातलं बडं प्रस्थ. कपाळभर मळवट, वाटेत भेटेल तो पाया पडणार. संध्या म्हणाली, "आत्या, साहेब लोकांना येवढंच सांगा, की हे येड नाय, देवीचं हाय."

"सांगते की! त्यात काय!" आत्या म्हणाली. शेजारचा पुंजाराम, आत्याचा पहिल्या नंबरचा भक्त, सोबतीला निघाला. एसटीत त्यानंच तिच्यासाठी खिडकी धरली.

बोर्डापुढं मी बन्सीच्या मांडीवर होतो. तो माझा पट्टा पिळत होता, सोडत होता, पुन्हा पिळत होता. माझा जीव नुसता टांगणीला! बोर्डाच्या अध्यक्ष डॉक्टर बाई मराठी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत्याला विचारलं, "आजी, अंगात येतं तेव्हा कुणाचे आवाज ऐकू येतात का? आपण काय करतोय ते कळेनासं होतं का?"

अरे देवा, आला का पेच! हो म्हणावं, तर आजार घराण्यातलाच ठरला. नाही म्हणावं, तर देवी खोटी ठरली. आणि दाराशी पुंजाराम कान टवकारून बसलेला. त्याला कळलं म्हणजे अख्ख्या गावाला कळलं.

आत्यानं बन्सीकडं पाहिलं. त्याच्या हातांकडं पाहिलं.

"आवाज नाय, काय नाय," ती म्हणाली. "सोंग होतं, बाई."

डॉक्टर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सासू उपाशी ठेवायची. एक डाव नवरात्रात मी घुमले, तर तिनंच पाय धरले अन् पुरणपोळी वाढली. मंग घुमतच राहिले. सासू मेल्यावर थांबणार होते, पण तोवर लोक नवस बोलायला लागले व्हते. माझं डोकं तवा बी ठिकाणावर होतं, आता बी हाय. आमच्या घराण्यात कुणाला येड नाय. लिवा, बाई."

पुंजाराम उठून बाहेर गेला. परतीच्या एसटीत तो पार पुढं, ड्रायव्हरजवळ जाऊन बसला.

काही आठवड्यांनी निकाल आला: आजार नोकरीतच जडला. संध्या रडली, मग हसली. बन्सीनं तो कागद माझ्या आतल्या कप्प्यात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तो बरा झाला असं मात्र समजू नका हं. अजून दचकतो, मला अजून भरतो. पण गोळ्या वेळेवर घेतो, आणि कुणी विचारलं तर मान वर करून सांगतो, "बर्फात लागलं."

मित्रांनो, जुन्या पिशवीला अधूनमधून ऊन दाखवा, उसवली तर टाका घाला, एवढं तर तुम्ही करालच. पण घरी आलेल्या सैनिकाला, "धडधाकट तर दिसतोस, मग झालंय काय तुला?" असं कधी म्हणू नका. आणि त्याच्यापायी कुणी काय गमावलं, तेही विसरू नका.

कारण त्या वर्षी नवरात्रात आत्याच्या दारात चिटपाखरू नव्हतं. ती एकटीच उंबऱ्यावर बसली होती, मळवट न भरता. संध्यानं तिची ओटी भरली. बन्सी मला पाठीवरून न उतरवताच वाकला.

"काहून रे पाया पडतो? माझ्यात आता कोण बी नाय," आत्या म्हणाली.

"ठाऊक हाय," बन्सी म्हणाला. "आजवर देवीच्या पडलो. आत्याच्या पडायचं राहूनच गेलं व्हतं."