झाकणावरचं नाव

मित्रांनो, माझं झाकण जरा जपून उघडा. बिजागरी कुरकुरते आणि उजव्या कोपऱ्याचा पत्रा हाताला लागतो. मी लोखंडी पत्र्याची पेटी. वय तेवीस वर्षं. सध्या माझ्यात सोयाबीनचं बियाणं भरलंय, पण मी काही बियाण्यासाठी जन्मले नव्हते. मी ओवाळणी होते!

जालन्याच्या जुन्या मोंढ्याजवळ एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून जीपच्या टपावर बसून मी जाफराबादेजवळच्या या गावात आले, कडूबा शेवाळ्याच्या घरी. कडूबानं मला घेतलं ते यांगचेनसाठी.

यांगचेन कोण, ते सांगते. दर हिवाळ्यात जाफराबादच्या बाजारात स्वेटर विकायला येणारी तिबेटी बाई. लोक तिला खुशाल नेपाळीण म्हणायचे. ती दर वेळी न चिडता सांगायची, मी तिबेटची. तिकडून पळून येताना तिच्या आईनं तिला पाठीवर बांधून डोंगर ओलांडले, तेव्हा ती वर्षाचीसुद्धा नव्हती. आपल्या देशानं त्या लोकांना थारा दिला. गोंदियाकडं जमीन दिली, शाळा दिली आणि एक नोंदणीचं पुस्तकही दिलं. जिथं धंद्याला जाईल तिथं आधी पोलीस ठाण्यात ते पुस्तक दाखवायचं. सगळी हयात इथं गेली, मराठी तर आपल्यासारखी बोलते, तरी पुस्तकात ती अजून परदेशीच आहे.

बाजारात तिच्या शेजारी कडूबा लसूण विकायला बसायचा. एका दिवाळीत तिला सणकून ताप भरला. कडूबानं तिला घरी आणलं, त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आठ दिवस पेज पाजून उभी केली. भाऊबीजेच्या संध्याकाळी दुर्गाबाई तिला सहज म्हणाली, की ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. यांगचेननं गुपचूप तबक उचललं आणि ती अंगणाकडं निघाली.

कडूबा म्हणाला, "चंद्र लई लांब हाये बाई. मी हितं बसलो ना."

आणि पाटावर बसलासुद्धा. त्या दिवशी त्याच्याजवळ तबकात घालायला काही नव्हतं. म्हणून पुढच्या भाऊबीजेला त्यानं मला आणलं. पेंटरकडून पांढऱ्या रंगात झाकणावर लिहून घेतलं: 'यांगचेन, कडूबा शेवाळे यांची बहीण'. कुणी विचारलं, तू कोणाची कोण, तर खुशाल झाकण दाखव, असं तो हसत हसत म्हणाला.

काय मिरवले मी तेव्हापासून! फाल्गुनात उरलेले स्वेटर माझ्यात ठेवून यांगचेन गावी जायची ती दिवाळीला यायची. मधले महिने दुर्गाबाई मला उन्हात ठेवायची, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालायची. आलेल्यागेलेल्यांना झाकण दाखवायची. बावीस वर्षं मी या घराच्या माजघरात मानानं राहिले.

मग गेल्या पावसाळ्यात लोकांच्या मोबाईलवर काहीबाही यायला लागलं. परदेशी लोक गावोगाव लपलेत, त्यांना थारा देणाऱ्यांची खैर नाही, असलं. कडूबाचा मुलगा कल्याण तेव्हा नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. फक्त चारित्र्याची पडताळणी बाकी होती. चहाच्या हॉटेलात कुणीतरी कडूबाच्या कानात भरवलं, की परदेशी बाईची पेटी घरात निघाली तर पोराची नोकरी गेलीच समज. विचारायला कुणी आलं नव्हतं हो! एक कागद नाही, एक माणूस नाही. पण कडूबा चहा तसाच टाकून घरी आला.

त्यानं मला ओढत गोठ्यात नेलं. खुरपं घेतलं आणि झाकण खरवडलं. 'यांगचेन' तेवढं ठेवलं, कुणी विचारलंच तर पेटी परक्या बाईची, आपलं काही नातं नाही, असं म्हणायला. पुढचं सगळं, स्वतःचं नाव आणि 'बहीण' हा शब्दही, पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडून काढलं. दुर्गाबाई आडवी आली. दिवाळीला तिला काय तोंड दाखवायचं, म्हणाली.

"मंग पोराचं बघू का बहिनीचं?" एवढंच तो बोलला.

चार दिवसांनी पोलीस पाटील साहेबराव कल्याणच्या कागदासाठी आले. गोठ्यात मला पाहून त्यांनी सहज विचारलं, स्वेटरवाली बाई येणार का यंदा?

कडूबा म्हणाला, "कोन बाई? मी न्हाई वळखत."

साहेबरावांनी याच घरात तिच्या पंगतीला बसून पुरणपोळी खाल्ली होती. ते चहा संपवून निघून गेले. पडताळणी बिनबोभाट झाली. कल्याण दसऱ्याआधीच ट्रेनिंगला गेला. माझ्याबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

भाऊबीजेला यांगचेन आली. जाफराबादच्या ठाण्यात पुस्तक दाखवून थेट इकडंच. निवडीची बातमी दुर्गाबाईनं फोनवर दिली होती, म्हणून पावसाळाभर बसून तिनं कल्याणसाठी खाकी स्वेटर विणला होता. कडूबा सकाळीच वावरात निघून गेला होता.

साहेबराव गेल्यावर कडूबानं मला कडब्याखाली दडपलं होतं, तिथं मी तिला सापडले. पाला घातला नव्हता, वरच्या चार स्वेटरांना कसर लागली होती. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही. खरवडलेल्या जागेवरून ती बोट फिरवत राहिली. दुर्गाबाईनं रडत रडत सगळं सांगितलं.

"मला फोन केला असता तर मी सोताहून पेटी नेली असती," यांगचेन म्हणाली. "वळखत न्हाई कशाला म्हनायचं?"

पाट मांडलेला होता. ती दिवस मावळेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. मग उठली, निरांजन लावलं आणि तबक घेऊन अंगणात गेली. तुरीच्या वावरावर बीजेची कोर दिसत होती. तिनं चंद्राला ओवाळलं. नेमका तेव्हाच कडूबा फाटकात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. तिला तो दिसला होता. तिनं ओवाळणं पुरं केलं, तबक खाली ठेवलं.

"वैनी, पाट उचला," ती म्हणाली.

चांगले स्वेटर गाठोड्यात बांधून ती शेवटच्या जीपनं गेली. ओवाळणी परत केली, म्हणजे मला इथंच ठेवलं. आणि माझ्या तळाशी तो खाकी स्वेटर ठेवला. यंदा कडूबानं बियाणं भरलं तेव्हा त्याला तो दिसला. बाहेर काढायचा धीर झाला नाही. त्यानं त्यावरच बियाणं ओतलं.

मध्यंतरी त्यानं पेंटरला बोलावलं होतं. पण उघड्या पत्र्याला गंज चढलाय, त्यावर रंग धरत नाही.

मित्रांनो, पेट्यांना ऊन दाखवा, बिजागरीला तेल द्या, लोकरीत पाला घाला. आणि कुणा बाईच्या नावापुढं 'बहीण' असं लिहून देणार असाल, तर आधी नीट विचार करा. तुम्हाला भीती वाटेल त्या दिवशीही ते तसंच ठेवावं लागतं. तेवढं जमणार नसेल तर लिहूच नका. चंद्राला ओवाळायची तिची तयारी होती. तुम्हीच पाटावर येऊन बसला होता.