आईसाठी चव्वेचाळीस इंच

सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायला अख्खं गाव वर जातं. वरच्या खोपटात सगळ्यांसाठी मटणाचं सूप करायची ती म्हातारी राग्ना, गेली कित्येक वर्षं. गुडघा पार गेल्यामुळे यंदाचं सूप शेवटचं, असं तिनंच सांगून टाकलं होतं. प्रश्न एवढाच उरला, की ती कुणाच्या जीपमधून जाणार. गेल्या साली लेकानं, म्हणजे स्टेइनारनं, तिला नदीच्या मधोमध नेऊन बसवलं होतं आणि जावयानं, ओड्डुरनं, दोर लावून दोघांना बाहेर ओढलं होतं. ओड्डुर हसला नाही, हे स्टेइनारला जास्त झोंबलं.

त्यानं जीप उंच करून घेतली. मग टायर निवडायचे. ओड्डुरचे अडतीस इंची, म्हणजे चाळिशीच्या खाली बघायचंच नाही, इतका शास्त्रशुद्ध विचार करून तो अकुरेरी शहरातल्या टायरच्या दुकानात गेला.

"बसणार कोण गाडीत?" दुकानदार कौरीनं विचारलं.

"आई. पण टायरचा आणि तिचा काय संबंध?"

कौरीनं मागणी लिहून घेतली. गिऱ्हाइकाला शहाणं करणं हा काही त्याचा धंदा नव्हता. चव्वेचाळीस इंची टायर आले, ते मावेनात म्हणून मडगार्ड कापले. उरलेल्या गाडीचं काय करायचं ठरवलंय, असं बायकोनं विचारून पाहिलं. स्टेइनारनं नदीची खोली मोजली, चिखल मोजला, हवेचा दाब तर रोज मोजला. आईचा गुडघा किती वाकतो, तेवढं पाहायचं राहून गेलं.

निघायच्या दिवशी राग्ना लोकरीचा स्वेटर घालून, घरची मोठी पळी हातात घेऊन उभी राहिली. जीपच्या दाराचा उंबरठा तिच्या छातीला लागत होता. स्टूल झालं, खोकं झालं, गुडघा काही वाकेना. शेवटी ओड्डुरनं ट्रॅक्टर आणला, पुढच्या माती उचलायच्या बकेटात खुर्ची ठेवली आणि सासूबाईंना अलगद वर चढवलं. राणीसारखी बसली होती ती. गावानं टाळ्या वाजवल्या, त्या आपल्या टायरसाठी आहेत असं स्टेइनारला वाटलं.

नदी चाकांना जेमतेम ओली करून गेली. स्टेइनार शीळ घालत सगळ्यांच्या आधी खोपटाशी पोचला आणि त्यानं ऐटीत दार उघडलं. वर ट्रॅक्टर नव्हता.

मागून आलेल्या चार गड्यांनी हात पुढे केले. राग्नानं पळी उगारली. "हात लावाल तर खबरदार. मी काय मेंढरू आहे, धरून ओढायला?"

मग स्टेइनारनं स्वतःच्या हातानं चारही टायरची हवा सोडली. जीप वीतभर खाली आली. आईचा पाय अजून अधांतरीच होता.

सूप अखेर ओड्डुरनं केलं. म्हातारी जीपच्या खिडकीतून सांगायची, तो खाली ढवळायचा. तिच्या वाटणीचा वाडगा वर तिच्या हातात दिला गेला. तिनं चमचाभर चाखलं. खाली स्टेइनार मान वर करून उभा होता. त्याला अगदी रडू येत होतं.

"कसं झालंय, आई?"

"अळणी," ती म्हणाली. "वर आणलंस रे बाबा तू मला. पोचवलं मात्र नाहीस."

आणि मांडीवरची पळी तिनं खिडकीतून खाली जावयाच्या हातात दिली.