दाराशेजारचं नाव

मथुराच्या पायाला आधीच भिंगरी होती. त्यात ती सहामाहीत दहावीच्या वर्गात पहिली आली, मग तर विचारूच नका. जेवायला बसली तरी एक गुडघा हलत असायचा. आई म्हणायची, "अगं, ताट सांडशील." मथुरा म्हणायची, "न्हाई सांडत," आणि आमटी सांडायची.

निकालाच्या दिवशी तिचे वडील, कारभारी, पारावर चार माणसांत बसले होते. मास्तरांनी तिथंच बातमी सांगितली. कारभारींची छाती फुगली आणि फुगलेल्या छातीनं ते बोलून गेले, "माग पोरी, काय पायजे ते माग. सोनं सोडून."

"पेंडीची खोली," मथुरा म्हणाली.

माणसं हसली. कारभारीही हसले. पण चार माणसांत दिलेला शब्द, मागं कसा घ्यायचा?

पेंडीची खोली म्हणजे घराच्या रस्त्याकडच्या अंगाला असलेली, सरकी पेंडीची पोती, पेरणीची मोडकी पाभर आणि उंदीर यांनी भरलेली खोली. बैलगाडीतून पोती परस्पर आत टाकता यावीत म्हणून तिला रस्त्यावर उघडणारं एक दार होतं, आणि एक दार घरात. एक खिडकी, तीही कधी न उघडलेली. मथुरानं ती उघडली तेव्हा बिजागरी अशी किंचाळली की शेजारच्या गोजरबाई चूल सोडून धावत आल्या.

पोती गोठ्याच्या पडवीत गेली. उंदीर कुठं गेले ते गोजरबाईंनाच ठाऊक. पुढं आठवडाभर त्या मथुराकडं डोळे बारीक करून बघत होत्या.

आता मथुराच्या डोक्यात काय होतं, तर एक चित्र. शाळेच्या कपाटात बायकांचं एक मासिक होतं, त्यात एका पानावर मुंबईच्या कुठल्याशा बाईंची बेडरूम छापली होती. गुलाबी भिंती. खिडकीला चुण्यांचा पडदा. झालर लावलेलं आरशाचं टेबल, त्यावर पावडरचा डबा आणि फणी. पलंगावर गुलाबांची चादर. मथुरानं पान फाडलं नाही. ती पहिली आलेली मुलगी होती, फाडणार कशी? तिनं ते वहीत पेन्सिलीनं उतरवून घेतलं आणि जहिराला दाखवलं.

जहिरा तिची बाकावरची मैत्रीण. तिचे अब्बा, बाबाजान, पाटी घेऊन गावोगाव बांगड्या भरायचे.

"बेडरूम म्हंजे काय गं?" जहिरानं विचारलं.

"निजायची खोली."

"मग सगळं सोनई गावच बेडरूम की. जिथं जागा गावंल तिथं माणूस निजतंय."

"हसू नको. चादरीवर गुलाब तू भरायचेत."

"किती?"

"बारा."

"सात भरीन," जहिरा म्हणाली, आणि नऊ भरले.

मग दोघींनी धमाल उडवली. वाण्याकडून चहाचा रिकामा खोका आणला, तो उभा करून त्यावर फळी ठोकली, वर आरसा लावला. आईच्या जुन्या जांभळ्या पातळाच्या अर्ध्या भागाची झालर केली, अर्ध्याचा पडदा. दिव्याला पतंगाचे कागद डकवलेली टोपली टांगली. भिंगारला लष्कराच्या लिलावात कारभारींनी कधीतरी एक लोखंडी खाट घेतली होती. ती पावण्यारावळ्यांसाठी होती, ती मथुरानं ओढत आणली आणि पांढरी रंगवली. आई, साळूबाई, दारात उभी राहून सगळं बघायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी कुरकुरायची. पातळ अजून नेसता आलं असतं. टोपली भाकरीची होती. पावणे आले तर कशावर निजतील? कुरकुरून झालं की जायची नाही मात्र. तिथंच उभी राहायची.

राहिल्या भिंती. रांजणात चुन्याच्या कळ्या भिजत घातल्या, त्या रटरटून फुटल्या. त्यात डिंकाचं पाणी आणि गुलाबी रंगाची पुडी. कुंचा मारला की भिंत सुरेख गुलाबी दिसायची आणि दुपारी वाळली की पांढरीफटक. मथुरा चिडायची, अजून पुडी आणायची. चौथ्या हाताला भिंतीनं ऐकलं.

"माघ महिन्यात कुठं चुना देत्यात का?" साळूबाई म्हणाली. "दिवाळी हाय का आता?"

"दिवाळी नसली म्हणून भिंतीनं काळंच ऱ्हायचं का?"

साळूबाईला आणखी काही म्हणायचं होतं, पण दूध उतू गेलं आणि ती आत पळाली. ते एक दूध उतू गेलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारण बादलीत रंग उरला आणि मथुराला अडवायला दारात कुणी नव्हतं. उरलेला रंग टाकून द्यायचा म्हणजे मथुराच्या जिवावर आलं. तिनं रस्त्याकडच्या दाराची चौकट बाहेरून गुलाबी केली. चौकटीभोवती हिरव्या रंगानं वेल काढला, पानं काढली, मधून मधून लाल ठिपक्यांची फुलं. मग दोन पावलं मागं जाऊन बघितलं. अंगात जे काही उसळत होतं ते अजून संपलं नव्हतं. म्हणून तिनं दाराच्या डाव्या बाजूला, टपोऱ्या वळणदार अक्षरांत लिहिलं: कु. मथुरा. उजव्या बाजूला ती कमळ काढणार होती, पण लाल रंग संपला आणि शाळेची घंटा झाली.

आता आपल्याकडं भिंतीला चुना केव्हा लागतो? दिवाळीला, नाहीतर लग्नाला. आणि दाराला वेल काढून शेजारी मुलीचं नाव कधी लिहितात? एका बाजूला मुलीचं, दुसऱ्या बाजूला मुलाचं? हे सोनईत शेंबड्या पोरालाही कळतं. मथुरानं गेल्या उन्हाळ्यात अशी चार दारं स्वतः बघितली होती, लाडू खाल्ले होते. पण तिच्या डोक्यात मुंबईची बेडरूम होती, त्यामुळं हे तिला अजिबात सुचलं नाही.

संध्याकाळी ती शाळेतून आली तर गोजरबाई दारासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"नवरदेवाचं नाव कवा लिवायचं?"

"कोनता नवरदेव?"

"लाज बघा पोरीला," गोजरबाई कौतुकानं म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. ज्या घाईनं गेल्या त्यावरून त्यांना अजून बरीच घरं घ्यायची होती हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाई म्हणाल्या, "मथुरा, दहावीची परीक्षा तरी देशील ना?" शिंप्यानं कारभारींना रस्त्यात थांबवून विचारलं, की चोळ्या त्याच्याचकडं टाकणार ना. आणि मधल्या सुट्टीत जहिरा खाली मान घालून म्हणाली, "अब्बांनी तुझ्या मापाच्या हिरव्या बांगड्या येगळ्या काढून ठिवल्यात. मी सांगितलं, असलं काय न्हाई. ते म्हणाले, भिंतीवर लिवलंय ते खोटं का?"

मथुराचा गुडघा पहिल्यांदाच हलायचा थांबला.

ती घरी पळत आली. पण तिच्या आधी सहादेवमामा आला होता. सहादेवमामा म्हणजे साळूबाईचा चुलतभाऊ, राहात्याला असायचा. लग्नं जमवणं हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता, आणि छंदाला सुट्टी नसते. बाजारात त्याच्या कानावर गेलं, तसा तो पहिल्या एसटीनं आला.

"मला न सांगता ठरवलं?" तो कारभारींना म्हणत होता.

"आरं, काय ठरवलं न्हाई. पोरीनं खेळ केलाय."

"ठरलं न्हाई? मग लई चांगलं. माझ्याकडं एक जागा हाय. पेरूचा बाग, दोन हिरी, पोरगा कारखान्यात कारकून. गुरवारी बघायला येतील."

"अजून लहान हाय ती," कारभारी म्हणाले.

"गावाला वाटतंय ठरलं. आता काय न्हाईच झालं तर गाव काय म्हणंल? मोडलं म्हणंल."

कारभारींनी टोपी काढून डोकं खाजवलं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मथुरा दाराआडून बघत होती, बापाचा चेहरा हळूहळू कसा बदलत गेला ते. पारावर शब्द देताना जो चेहरा होता तोच, पण आता तो शब्द दुसऱ्याला मिळणार होता.

"बघायला येऊ दे," ते म्हणाले. "बघितल्यानं काय हुतंय?"

मथुराला ठाऊक होतं काय होतं ते. तिच्या वर्गातल्या छबूला फक्त बघायलाच आले होते. आता छबूच्या बाकावर दप्तरं ठेवतात.

गुरुवारपर्यंत ती धड कुठं टेकली नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. खाट या भिंतीपासून त्या भिंतीला नेली, आरसा काढला, परत लावला. अकरावीचं वर्ष, तेव्हा तेच मॅट्रिकचं, सगळं पुढं पडलेलं होतं आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. कमळ आधी काढलं असतं तर? नाव आतल्या बाजूला लिहिलं असतं तर?

गुरुवारी पावणे आले. मुलगा आला नव्हता. त्याची आई रंगुबाई, एक चुलता आणि सहादेवमामा. कारभारींनी त्यांना कुठं बसवावं? घरात तिच्या खोलीइतकी चांगली जागा दुसरी नव्हती. बसवलं तिथंच, नऊ गुलाबांवर.

रंगुबाई धिप्पाड बाई. तिनं भिंतीवरून हात फिरवला, बोटं बघितली; रंग लागला नव्हता. पडदा ओढून बघितला. मग वाकून झालर वर केली.

"खोका हाय व्हय," ती म्हणाली.

मथुराला वाटलं, सुटले. पण रंगुबाई सरळ झाली तेव्हा हसत होती. "पैशाची नासाडी न करता घर नटवलं. कोनी शिकवलं गं?"

"कुनी न्हाई."

"वास मात्र पेंडीचा येतोय."

"उदबत्ती लावली की जातो," मथुरा म्हणाली आणि जीभ चावली. खोलीची बाजू घ्यायची सवय तिला नडली.

"आमच्याकडं सोप्याला अशीच एक खोली हाय," रंगुबाई चुलत्याला म्हणाली. "नुसती पडून. ही पोर तिचं सोनं करंल."

चुलत्यानं मान डोलावली. कारभारींचा चेहरा उजळला. त्यांच्या लेकीच्या हाताची तारीफ होत होती, त्यांना भान राहिलं नाही. सहादेवमामानं खिशात हात घातला आणि सुपारी बाहेर काढली. "मग आजच फोडू. चांगला वार हाय."

"मला मॅट्रिक व्हायचंय," मथुरा म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. चुलत्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"ही खोली मी अभ्यासाला केली. दाराचं नाव माझी चूक हाय, लग्नाचं न्हाई ते. मी शाळा सोडनार न्हाई."

"मथी," कारभारी म्हणाले. एवढंच. पण त्या आवाजानं बैलसुद्धा जागीच थांबायचे.

सहादेवमामाच्या हातात सुपारी तशीच. मग दारातून साळूबाईचा आवाज आला. ती चहाच्या रिकाम्या कपबश्या गोळा करायला आली होती, बोलायला नाही, हे तिच्या हातातल्या ताटावरून दिसत होतं.

"मी काय म्हनते," ती रंगुबाईकडं बघून म्हणाली. "मला ह्या घरात येऊन अठरा वरसं झाली. अजून मला निजायची ठरलेली जागा न्हाई. पावणं आलं की सैपाकघरात, सुगीत पोत्यांच्या कडंला, कुनी बाळंतीन आली की तिच्या उशाला. पोरीनं हातानं एक जागा केली. चौथा हात परवा वाळलाय. एक वरीस तिला हितं निजू द्या, वाचू द्या. मग काय व्हायचं ते हुईल."

कारभारी बायकोकडं बघतच राहिले. अठरा वर्षांत हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

रंगुबाई खाटेवरनं उठली. तिनं जिथं बसून चादर चुरगळली होती तिथं हातानं साफ केली.

"मला सव्वीस झाली," ती म्हणाली. "माझी बी गत तीच." मग सहादेवमामाकडं वळून, "सुपारी ठिवा खिशात, भाऊ. पुढच्या उन्हाळ्यात बघू. तवर आमचा पोरगा काय म्हातारा हुत न्हाई. आन दुसरी चांगली मिळाली तर करू बी, आदीच सांगून ठिवते."

सहादेवमामा सुपारी खिशात टाकून तडक एसटीकडं निघाला. कारभारी दोन दिवस मथुराशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बैल सोडता सोडता म्हणाले, "ते नाव तेवढं पुसून टाक. लोकं मला रस्त्यानं धड चालू देत न्हाईत."

"आन खोली?"

"मी खोलीचं काय बोललो का?"

मथुरानं पांढरा चुना कालवला. ओला चुना फसवा असतो. कुंचा फिरवला तरी खालचं नाव तसंच दिसत राहतं, वाळेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि धीर हाच तर तिच्याकडं नव्हता. ती तिसरा हात देत होती तेव्हा गोजरबाई आल्या.

"मोडलं व्हय गं?" त्यांनी हळहळून विचारलं.

"व्हय, मोडलं," मथुरा म्हणाली. "जा, सांगा सगळ्यांना."

आत येऊन तिनं हात धुतले. साळूबाई खाटेवर आडवी झाली होती, भर दुपारी, भिंतीकडं तोंड करून. झोपली होती की नुसतीच पडली होती, कळत नव्हतं. मथुरानं तिला उठवलं नाही. आवाज न करता खोका खिडकीपाशी सरकवला, इंग्रजीचं पुस्तक उघडलं. उन्हाळा पुढचा. म्हणजे चौदा महिने. चौदा महिन्यांत मॅट्रिक, आणि मॅट्रिकनंतर काय म्हणायचं, रंगुबाईला आणि बापाला, ते आताच ठरवायला हवं होतं. नगरला कॉलेज आहे. नगरला मुलींचं वसतिगृह आहे म्हणे. शाळेतल्या बाईंना विचारायला हवं. आज विचारलं तर?

पहिल्या धड्याची दुसरी ओळ वाचायच्या आत ती उठली, चपला हातात घेतल्या आणि आईची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत बाईंच्या घराकडं निघाली.