पांडापिशवीने ऐकलेली हाक

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला आधी हसूच येईल. तोंड पांडाचं, एक कान उसवलेला, आणि डावा डोळा उजव्यापेक्षा बोटभर खाली घसरलेला. लहान मुलांनी पाठीवर अडकवायची पिशवी आहे मी. शेपटीच्या जागी मला एक लांब पट्टा आहे. पोर पुढे चालतं आणि मागे मोठ्या माणसानं तो पट्टा धरायचा असतो. एरवी माझा मुक्काम अमेरिकेत, शॉमबर्गच्या एका घरातल्या गराजमध्ये असतो, बर्फात घालायच्या बुटांच्या खोक्यात. वय वर्षं नऊ. पिशवीच्या जातीला हे वय फार झालं.

माझा जन्म चीनमधला. शांघाय शहराबाहेर पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात चाळीस शिलाईयंत्रं एका सुरात खडखडायची. डोळे बसवणाऱ्या बाईच्या अंगात त्या दिवशी कणकण होती, म्हणून माझा डोळा असा घसरला. पुढे प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी एका टपरीवर मी दोन महिने लटकत राहिले. सरळ डोळ्यांच्या माझ्या बहिणी पोरांच्या पाठीवर बसून भराभर निघून गेल्या. मला कोणी हातही लावेना.

मग एक दिवस आसावरी आली. मूळची नाशिकची, लग्नानंतर शॉमबर्गची. तिच्या नवऱ्याला, सौमित्रला, कंपनीनं दोन वर्षांसाठी शांघायला पाठवलं होतं. कडेवर साडेतीन वर्षांची अनिका होती.

"अनू, हा बघ!" आसावरीनं मला खाली काढलं. "जेवण झाल्यावर पेंगलाय. अगदी तुझे बाबा."

"अगं, पण तो पट्टा कशाला?" सौमित्र म्हणाला. "पोरगी आहे की कुत्रं?"

"हरवली तर ऑफिस सोडून तू येणार आहेस शोधायला?"

सौमित्रनं पाकीट काढलं आणि मी अनिकाच्या पाठीवर चढले.

घरी गेल्या गेल्या आसावरीनं माझ्या आतल्या खिशात एक कार्ड शिवलं. इमारतीच्या रखवालदाराकडून तिनं ते चिनी अक्षरांत लिहून घेतलं होतं. मुलीचं नाव आणि आईचा फोन नंबर. तेवढंच.

काय दिवस होते ते, मित्रांनो! पोरांसाठी त्या शहरानं काय काय मांडून ठेवलं होतं! बांबू सोलत लोळणारे खरे पांडा मी पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. विज्ञानाच्या संग्रहालयात एक यंत्रमानव होता, तो समोर बसेल त्याचं चित्र काढायचा. त्यानं अनिकाचं नाक एवढं मोठं काढलं की ती तिथंच रडली. बागेतल्या तळ्यात पायानं चालवायच्या बदकहोड्या होत्या. नदीकाठी पतंग उडायचे, शंभर शंभर डोक्यांचे. कोपऱ्यावरचा म्हातारा साखरेचा पाक ओतून हां हां म्हणता ड्रॅगन करून द्यायचा. त्याचा चिकट डाग अजून माझ्या पोटावर आहे. लोक थांबायचे, माझे फोटो काढायचे. आणि माझ्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कायम आसावरीचा हात असायचा.

दुसऱ्या वर्षी त्या हाताची पकड सैल झाली. आधी मला वाटलं, ती थकली असेल. मग ती बागेतल्या बाकावर बसून राहायला लागली. मग बाहेर पडेनाशीच झाली. डोक्यावरचे केस गेले, तिथं एक जांभळा रुमाल आला. पोटातलं दुखणं फार पसरलं होतं. अमेरिकेचा एवढा मोठा विमानप्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हा शॉमबर्गहून तिचा धाकटा भाऊ अवधूत रजा टाकून आला. अनिकाचा मामा. दाढीवाला, बोलायला जरा अडखळणारा. त्याच्याकडे एकच काम होतं: रोज अनिकाला कुठंतरी घेऊन जायचं आणि संध्याकाळ होईपर्यंत घरी आणायचं नाही.

म्हणजे ज्या जागा आधी सुट्टीच्या होत्या, त्याच आता घरापासून लांब राहण्याच्या झाल्या. आसावरी पलंगावर पडल्या पडल्या कागदावर लिहायची: सोमवारी पतंग, मंगळवारी बदकहोडी, बुधवारी छोटी आगगाडी. आणि अनिका माझ्यासकट दाराशी उभी राहिली की तिच्यासाठी जोडलेलं एक गाणं म्हणायची:

पांडा खातो बांबू, बाई, अनू खाते भात,
गर्दीमधे सोडू नको मामाचा गं हात.

आवाज रोज थोडा थोडा आत जात होता. संध्याकाळी अवधूत तिला दिवसभराचे व्हिडिओ दाखवायचा. त्यातला एकेक ती दोनदा बघायची.

"तू तर काय हिरोच झालास रे तिचा, अवध्या," ती एकदा म्हणाली. "झोपेतसुद्धा मामा मामा करते."

"ताई, काहीतरीच काय."

"अरे, बरं आहे की. कुणीतरी पाहिजेच ना."

त्या गुरुवारी आम्ही मत्स्यालयात गेलो. पाण्याखालून जाणारा काचेचा बोगदा होता. आत एक सरकता पट्टा होता. त्यावर नुसतं उभं राहायचं, तोच पुढे नेतो आणि डोक्यावरून शार्क जातात. अनिकानं मान वर केली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. अवधूतला वाटलं, हे ताईनं बघायलाच हवं. फोन धरायला दोन्ही हात लागणार, म्हणून त्यानं माझा पट्टा सोडला आणि तो एक पाऊल बाजूला, कडेच्या न हलणाऱ्या फरशीवर उतरला.

एकच पाऊल हो! तेवढ्यात पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची पन्नास पोरं मधे घुसली. सरकता पट्टा आम्हाला घेऊन निघाला. माझा पट्टा मागे लोंबत होता आणि धरायला कोणी नव्हतं.

"मामा!" अनिका ओरडली. "मामा! मामा!"

निळ्या गणवेशातली एक बाई धावत आली. तिनं अनिकाला उचललं आणि विचारलं, "मामा?" अनिकानं जोरजोरात मान हलवली. बाईला सगळं समजलं असं वाटलं. कारण, मित्रांनो, त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई.

ऑफिसात बाईनं माझा खिसा उघडला, कार्ड काढलं आणि नंबर फिरवला. एका चिठ्ठीवर काहीतरी खरडून ती माझ्या खिशात सरकवली.

पंधरा मिनिटांनी काचेच्या दाराबाहेर अवधूत दिसला, घामानं निथळत. "आय अ‍ॅम हर मामा!" तो छातीवर हात मारून ओरडत होता. "मी! मामा!" आतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दाढीवाला माणूस म्हणतोय, मी हिची आई! त्यांनी दाराला आतून कडी घातली. एरवी मला हसू आलं असतं.

आणि मग टॅक्सीतून आसावरी आली. घरातल्या सपाता पायात, रुमाल वाकडा, एक हात भिंतीवर. सात आठवडे जी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, ती शहर ओलांडून आली होती. दार उघडलं. भिंत सोडून तिनं दोन्ही हात पुढे केले.

अनिका त्या हातांच्या खालून निसटली आणि मागे उभ्या असलेल्या मामाच्या पायांना जाऊन बिलगली.

आसावरीचे हात तसेच राहिले. जरा वेळानं तिनं ते खाली घेतले आणि रुमाल नीट केला.

परतीच्या टॅक्सीत अनिका झोपली. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"अवध्या, ती बाई फोनवर म्हणाली, पोरगी मामा मामा करून रडतेय." आसावरी थांबत थांबत बोलत होती. "इथलं मामा म्हणजे आईच ना रे? मलाच हाक मारत होती ना?"

अवधूत बाहेर बघत होता. अनिकानं आईला जन्मात कधी 'आई'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ते त्याला ठाऊक होतं. आसावरीलाही होतं.

"हो, ताई," तो म्हणाला. "तुलाच."

नवव्या दिवशी आसावरी गेली. त्या नऊ दिवसांत तिनं नाशिकला, शॉमबर्गला, जिथं जिथं फोन लागेल तिथं एकच गोष्ट सांगितली: अनूनं मला हाक मारली आणि मी उठून गेले.

मी बापलेकींबरोबर शॉमबर्गला आले आणि खोक्यात गेले. अवधूत त्यांच्याच घरी राहायला आला तो कायमचा. त्यानं लग्न केलं नाही. अनिकाचा डबा, वेणी, पोहण्याचा क्लास, सगळं त्यानं केलं. दर वर्षी आसावरीच्या तिथीला घरात पंधरा-वीस माणसं जेवायला यायची आणि सौमित्र ती हाकेची गोष्ट सांगायचा. गराजच्या दारातून मला ती ऐकू यायची. शेजारच्या शैलजाकाकू डोळे पुसायच्या. अनिकाला आईचं दुसरं काही आठवत नव्हतं. हीच एक गोष्ट तिची स्वतःची होती. आणि दर वर्षी नेमका त्याच वेळी अवधूत पाणी आणायला उठायचा.

आता अनिका बारा वर्षांची आहे आणि शाळेत चिनी भाषा शिकते. गेल्या आठवड्यात तिला वर्गात बोलायचं होतं, विषय 'शांघायमध्ये मुलांनी काय बघावं'. त्यासाठी तिनं मला शोधून काढलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवून खिसे उलटे केले आणि ती चिठ्ठी निघाली. अवधूत धिरडी घालत होता.

"मामा, ओ माय गॉड, लुक! आय कॅन रीड धिस!" अक्षरांवर बोट ठेवत ती वाचायला लागली. "गर्ल. अराउंड फोर. क्रायिंग. कॉलिंग... मामा. सी? इट्स रिटन! आय कॉल्ड हर!"

"हं," अवधूत म्हणाला.

ती हसली, चिठ्ठीचा फोटो काढला. मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

"वेट. बट आय कॉल्ड हर आई. सगळ्या व्हिडिओजमध्ये मी आईच म्हणते, राइट?"

तव्यावरचं धिरडं करपायला लागलं होतं.

"देन हू वॉज मामा?"

अवधूतनं गॅस बंद केला. खोटं बोलणं सोपं होतं. एकदा बोललेलंच होतं.

"मी," तो म्हणाला. "तू मला हाक मारत होतीस, अनू. त्या बाईला वाटलं आईला. म्हणून तिनं आईला फोन केला."

"अँड आईला माहीत होतं?"

"तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तुलाच."

"यू लाइड टू हर."

"हो."

"अँड टू मी. एव्हरी इयर."

"तू लहान होतीस गं."

"आय अ‍ॅम ट्वेल्व्ह!" तिचा आवाज फुटला. "दॅट वॉज द ओन्ली थिंग आय हॅड ऑफ हर. द ओन्ली थिंग!"

"अनू, तिला तेवढंच हवं होतं. मी काय सांगणार होतो तिला? तिचे हात..." तो तसाच, हातात उलथनं घेऊन उभा राहिला.

अनिकानं चिठ्ठीची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि चेन लावली. फार सावकाश लावली. मग ती वर निघून गेली. सौमित्र ऑफिसातून आल्यावर तिनं त्याला काहीच सांगितलं नाही. बाबांची गोष्ट तिनं बाबांना राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवधूतनं डबा भरला, गाडीची किल्ली घेतली आणि जिन्याखाली उभा राहिला. अनिका खाली आली. डबा घेतला. बूट घातले. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अंकल, वी आर लेट."

अंकल. आठ वर्षांत पहिल्यांदा. अवधूत गाडी काढायला गेला.

त्याला पाच दिवस झाले. मला पुन्हा खोक्यात ठेवायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही, त्यामुळे मी टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसून सगळं बघते. अंकल, पास द सॉल्ट. अंकल, पिक मी अप अ‍ॅट फोर. ती उद्धट बोलत नाही. प्लीज म्हणते, थँक्यू म्हणते. आणि प्रत्येक वेळी तो माणूस जरा आणखी वाकतो.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतो. आम्हाला धुवा, शिवा, टाकू नका म्हणतो. मला तसलं काही नको. माझा कान उसवलेलाच राहू दे. पण तुमच्यापैकी कुणी अनिकाच्या वर्गात असेल, तर तिला एवढं सांगा: गर्दीत, घाबरून, सगळा जीव एकवटून तू ज्याला हाक मारलीस तो अजून जिवंत आहे. खालच्या मजल्यावर, सिंकपाशी, तुझा डबा घासत उभा आहे.

माझं तोंड शिवलेलं आहे. नाहीतर मीच मारली असती ती हाक.