मान हलवून चालणार नाही

प्रणोतीचं खांद्याचं हाड सांधलं होतं, पण परगावच्या फ्लाइंग स्कूलला तिनं अजून काही कळवलं नव्हतं. परत शिकवायला येणार की नाही, ते उद्यापर्यंत सांगायचं होतं. आणि प्रतिमाबाईंना, खरं तर, नातीनं नाहीच म्हणावं असं वाटत होतं. जबलपूरच्या सदर भागातल्या एका शाळेत गणिताची जागा निघाल्याचं त्यांनी सहज म्हणून दोनदा सुचवलंही होतं.

अपघात झाला तो हेलिकॉप्टर शिकवताना. इंजिनाचा जोर मुद्दाम काढून घ्यायचा आणि नुसत्या फिरत्या पंख्याच्या आधारानं उतरायचं, असा तो सराव. शिकणारा आणि शिकवणारा, दोघांपुढेही चालवायचे दांडे असतात. म्हणून कोण चालवतंय ते दर वेळी बोलून ठरवायचं. एकानं 'घे' म्हणायचं, दुसऱ्यानं 'घेतलं' म्हणायचं, मगच पहिल्यानं हात सोडायचा. विपुल हे कधी म्हणत नसे. जबलपुरातल्याच महाराजपूरचा मुलगा, मोठ्यांपुढे बोलायचं नाही अशा घरात वाढलेला. मॅडमना ठणकावून 'मी घेतलं' म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटे. तो नुसती मान हलवी, आणि आपल्या जबलपूरचा पोरगा म्हणून प्रणोती चालवून घेई. त्या दिवशी ती 'घे' म्हणाली, ते त्याला ऐकूच गेलं नाही. हादऱ्यानं त्याचं हेल्मेट हललं, तिला वाटलं मान हलवली. तिनं हात सोडले. हेलिकॉप्टर आदळलं आणि कुशीवर कलंडलं.

प्रतिमाबाईंना रांझीतल्या कारखान्याच्या वसाहतीतले जुने दिवस आठवत. कारखान्यात भट्टीजवळ कोणी भाजलं की क्वार्टर्सच्या सगळ्या लाइनीत त्या रात्री चुली गप्प असत, आणि सकाळी पुरुष सायकली काढून पुन्हा निघत. एकदा त्यांनी नवऱ्याचा, रामकृष्णरावांचा डबा घट्ट धरून ठेवला होता. "आज नका जाऊ." तर ते म्हणाले, "काल काय चुकलं ते मी पाहिलंय. मी नाही गेलो, तर नव्या पोरांना कोण सांगेल?" डबा सोडावा लागला.

दुपारी विपुल मोटरसायकलवरून आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"मॅडम, मी शिकणं सोडून राहिलो. पापा की दुकान है, वहीं बैठ जाऊँगा."

"काहून?" प्रणोती भडकली. "हाड माझं मोडलं, अन् दुकानात तू बसतो?"

"मेरी वजह से..."

"आधी खिचडी खा. रडायचं नंतर."

तिनं फडक्यानं धरून साबुदाण्याची गरम कढई उचलली. विपुल धावला, त्यानं रुमालानं दुसऱ्या बाजूनं कढईचे कान धरले.

"घे," प्रणोती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिनं कढई सोडली नाही.

"मॅडम, पकड़ ली ना."

"मला काही ऐकू नाही आलं."

"घेतली."

"शेजारच्या बेबीताईंना ऐकू जाऊ दे."

"घेतली, मॅडम! मी घेतली!" तो असा ओरडला की प्रतिमाबाईंच्या हातातला झारा पडला.

प्रणोतीनं मग हात सोडले. हसू ओसरल्यावर हळू म्हणाली, "अर्धी चूक माझी आहे रे. मी तुला पहिल्याच दिवशी असं ओरडायला लावायला हवं होतं. आता माझ्या जागी कोणी नवा आला, तर तोही तुझ्यासारख्याचं मान हलवणं चालवून घेईल."

कढई टेबलावर ठेवून विपुल तिथंच उभा राहिला. प्रणोतीनं फ्लाइंग स्कूलला फोन लावला.

"सर, येतेय मी. हो, विपुलसुद्धा. पण आधी आठवडाभर मैदानावर, बंद हेलिकॉप्टरमध्ये बसून बोलायला शिकवीन. आवाज फुटला की मगच वर नेईन. आणि हे माझ्या सगळ्याच मुलांना."

सदरच्या शाळेचं पुन्हा एकदा बोलावं, असं प्रतिमाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. भीती होतीच, ती कुठं जाणार? पण नातीचा असा खणखणीत आवाज त्यांनी अपघातानंतर पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी विपुलच्या बशीत खिचडी वाढली आणि विचारलं, "गाडीत खायला दोघांना पुऱ्या देऊ की दशम्या?"