बांधलेला जबडा

"हे कटर विमानात नाही नेता येणार," तपासणीवरची बाई म्हणाली आणि तिने ते बोटभर लांबीचं कटर ट्रेमधून उचलून बाजूला ठेवलं.

"अहो, ते औषधासारखंच आहे," थोरली जाऊ म्हणाली. "यांचा जबडा तारांनी बांधलाय. उलटी झाली तर बाहेर पडायला वाट नाही. लगेच तारा कापल्या नाहीत तर माणूस गुदमरतो. दोन इकडच्या, दोन तिकडच्या. डॉक्टरांनी शिकवलंय मला."

"मग डॉक्टरांचं पत्र असेल ना? ते दाखवा, लगेच सोडते."

थोरलीचा हात पर्सवर गेला आणि तिथेच राहिला.

व्हीलचेअरमधला तिचा नवरा वायरमन होता. कामावर सगळे त्याला रेडिओ म्हणत, कारण तो शिडीच्या टोकावर असला तरी त्याची बडबड खाली ऐकू यायची. गेले नऊ दिवस रेडिओ बंद होता. धाकट्या भावाला त्यानेच आपल्या हाताखाली चिकटवलं होतं. काम आटोपून दोघे कंपनीच्या गाडीतून परतत होते आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. याचा जबडा मोडला, धाकटा जागच्या जागी गेला. त्याची शवपेटी याच विमानाने निघाली होती.

गाडी कोण चालवत होतं, असं पोलिसांनी दवाखान्यात विचारलं तेव्हा त्याने वहीवर एकच शब्द लिहून दिला होता, 'भाऊ'. थोरलीने तो खरा मानला. फोनवर सासूबाईंना तिनेच तसं सांगितलं, आणि त्या रडता रडता गेलेल्या लेकालाच बोल लावत राहिल्या. मग काल डॉक्टरांनी पत्र दिलं. रुग्ण स्वतः गाडी चालवत होता, जबडा स्टिअरिंगवर आपटून मोडला, असं त्यात सरळ लिहिलं होतं. तिने ते नवऱ्यापुढे धरलं तेव्हा त्याने मान खाली घातली. तिला त्याची चीड आली, पण चिडीपेक्षा धास्ती मोठी होती, कारण त्यांना न्यायला धाकट्याची बायको, तिची जाऊही आली होती.

धाकटी एका कुरिअर ऑफिसात कारकून होती. तिकिटं, दाखले, पेटीचे कागद, सगळं तिच्या फायलीत ओळीने लावलेलं होतं. हे एक पत्र तेवढं तिच्या हाती लागलं नव्हतं.

"ताई, पत्र कुठंय? फायलीत तर नाही."

"मोठ्या बॅगेत गेलं वाटतं."

"ती तर मघाशीच गेली. आता हो?"

"राहू दे कटर. दोन तासांचा तर प्रवास. मी बघते यांच्याकडे."

"बाई, असं कसं राहू दे?" तपासणीवरची बाई म्हणाली. "काही झालं म्हणजे? उद्याच्या विमानाने जा हवं तर."

"उद्या कसं जाणार? माझा दीर खाली सामानात आहे."

काल रुग्णवाहिकेत नवऱ्याला नुसतं मळमळलं, तर त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्याची लाज झाकायला ती त्याचा जीव पणाला लावत होती, आणि हे तिला पुरतं कळत होतं.

तेवढ्यात नवऱ्याने हात लांब केला. तिच्या पर्सची चेन ओढून त्याने पत्र काढलं आणि धाकटीपुढे धरलं. थोरलीने मध्ये हात घालायचा प्रयत्न केला, पण त्याने तो बाजूला सारला.

धाकटीने ऑफिसातल्या सवयीने ओळीखाली बोट धरून पत्र वाचलं. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिने परत वाचली. मग घडी सरळ करून पत्र तपासणीवरच्या बाईपुढे ठेवलं.

"हे घ्या. कटर जाऊ द्या यांच्याबरोबर."

बाईने पत्र वाचलं, कटर परत दिलं. विमानात बसल्यावर तिथल्या लोकांना आधी सांगून ठेवा, म्हणाली. धाकटीने कटर थोरलीच्या हातात ठेवलं.

"अगं, मी तुला सांगणारच होते..."

"राहू द्या, ताई. तारा कधी काढणार?"

"सहा आठवड्यांनी."

धाकटी व्हीलचेअरसमोर वाकली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"दादा, जपून चला. मळमळलं तर लगेच ताईंना खूण करा. तुम्ही जगायला हवं. सहा आठवडे मी थांबेन. मग आईंसमोर बसून हे तुमच्या तोंडाने सांगायचं. बेफिकीर म्हणाले मी तुमच्या भावाला. पेटी बंद करत होते, तेव्हा म्हणाले."

तिने पत्र फायलीत लावलं आणि ती विमानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.