रिकाम्या पेटीचा आकडा

चेक देशातल्या ओलोमोत्स शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत जिवाणूंना विष देतात आणि त्यांचा उजेड मोजतात. छळ झाला की जिवाणू उजळतो, पण इतका मंद, की तो डोळ्यांना दिसत नाही. काळ्या पेटीतलं यंत्रच टिपतं. रोज सकाळी आधी रिकामी पेटी मोजायची आणि तो आकडा दिवसभराच्या आकड्यांतून वजा करायचा, हा आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या क्वेताबाईंचा नियम.

जानेवारीत क्वेताबाई गेल्या, आणि रिकाम्या पेटीचा आकडा वाढला.

"बाई येऊन बसल्यात आत," माझा सहकारी लुबोर खिदळला.

"तोंड आवर, मेल्या," मी म्हटलं. पण पेटी उघडण्याआधी मीच तिच्यावर टकटक करायचे. फटींना काळी पट्टी लावली, तार बदलली. आकडा ढिम्म हलेना. शेवटी वैतागून आम्ही तोच रोज वजा करत राहिलो.

ईस्टरच्या आधी पेटी पुसायला काढली. मागच्या कोपऱ्यात एक बंद काचेची बशी सापडली. झाकणावर बाईंचं अक्षर, तारीख जानेवारीची. बशी बाहेर काढली आणि आकडा खाली आला. तीन महिने अन्नावाचून त्यातले जिवाणू अंधारात उजळत होते.

लुबोर या वेळी हसला नाही. "अगं, आपण रोज यांनाच वजा करत होतो."

आदल्या सप्टेंबरपासून बाई माझ्या शेजारच्या टेबलावर खोकत होत्या, आणि मी रेडिओचा आवाज वाढवत होते.